आधी निदान, मग मदरबोर्ड

मे २०२४ च्या अखेरीस, ऐन नवतपात, नागपूरचा पारा ५६ अंशांवर गेल्याची बातमी देशभर फिरली. शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने तो आकडा खरेच दाखवला होता. बाकीच्या केंद्रांशी ताडून पाहिले, तर तिथे पारा ४४ च्या आसपास. दोष सेन्सरचा निघाला. एका यंत्राचे म्हणणे दुसऱ्याशी पडताळायचे, एवढी ही साधी रीत. सात-आठ वर्षे राबलेला लॅपटॉप एका सकाळी सुरू झाला नाही, की तिचा मात्र सगळ्यांनाच विसर पडतो.

घरात ‘गेला वाटतं’, दुकानात ‘मदरबोर्ड उडाला’. झाला निकाल! सीताबर्डी काय, सदर काय, ‘चिप लेव्हल रिपेअरिंग’च्या पाट्या जागोजागी दिसतात. त्यांमागे मल्टिमीटर लावल्याशिवाय तोंड न उघडणारे अस्सल कारागीर आहेत, तसेच खालचे झाकणही न काढता बोर्डाचा भाव सांगणारेही आहेत. तो भाव ऐकून गिऱ्हाईक नव्या यंत्राकडे वळते आणि जुने भंगारात जाते. दुखणे कित्येकदा किरकोळ असते.

मुळात ‘सुरू होत नाही’ ही तक्रारच अर्धवट आहे. बटण दाबल्यापासून विंडोज दिसेपर्यंत यंत्र पायरीपायरीने पुढे जाते, आणि ते कुठल्या पायरीवर अडले यावर सगळे ठरते. दिवाही लागत नसेल तर पहिला संशय चार्जरवर, त्याच्या पिनवर आणि बॅटरीवर घ्यावा. चार्जर काढून, बॅटरी निघत असेल तर तीही काढून, बटण अर्धा मिनिट दाबून धरायचे आणि मग नुसता चार्जर लावून पाहायचे. काही यंत्रे एवढ्यावरच उठतात. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा? अंधारात टॉर्च तिरपा धरल्यावर पुसट चित्र दिसले, तर यंत्र चालू आहे, फक्त पडद्यामागचा उजेड गेला आहे. एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडले की तीही शंका मिटते. बिप वाजत असतील किंवा कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल, तर ते मोजून घ्यावेत. कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्यांचा अर्थ दिलेला असतो.

आणि कंपनीचे बोधचिन्ह उमटून ‘बूट डिव्हाइस सापडले नाही’ अशा अर्थाचा संदेश येत असेल, तर बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम यांनी आपापले काम बहुतांशी केलेले आहे. गडबड डिस्कमध्ये, तिच्या केबलमध्ये किंवा सेटिंगमध्ये असण्याचीच शक्यता जास्त. बोर्डावरचा बटणाएवढा ३ व्होल्टचा सेल संपला तर तारीख मागे जाते, सेटिंग मूळपदावर येतात आणि डिस्क धडधाकट असूनही यंत्राला ती सापडेनाशी होते. या अवस्थेत कोणी थेट बोर्ड बदलायला सांगितला, तर दुसरे दुकान गाठावे.

रॅमचे काम तर पाहण्यासारखे असते. जाणता कारागीर बॅटरी सोडवतो, दोन्ही बाजूंच्या क्लिपा बोटांनी हलकेच उघडतो. पट्टी आपोआप तिरपी वर येते. तिच्या सोनेरी दातांवर शाळकरी पोरांचे खोडरबर फिरवतो, भुगा ब्रशने झटकतो आणि पट्टी पुन्हा बसवतो. क्लिपा ‘टक्’ वाजल्या पाहिजेत. काळ्या पडद्याच्या किती तक्रारी या खोडरबराने मिटल्या असतील, देव जाणे.

नागपूरचे हवामानही यात वाटेकरी आहे. बहुतेक लॅपटॉपना ३५ अंशांपर्यंतच्या हवेत काम करायला सांगितलेले असते. इथला मे त्यापेक्षा बराच पुढे असतो. लोक यंत्र कूलरसमोर ठेवतात. ताट्यांतून येणारी ओलसर हवा माणसाला बरी वाटते, पण पंख्याच्या जाळीत साचलेली धूळ तिने घट्ट बसते. यंत्र सुरू होऊन पाच-दहा मिनिटांत बंद पडत असेल, तर आधी ब्लोअर मारून घ्यावा आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली आणि हजारो घरांत पाणी भरले. भिजलेल्या यंत्राच्या बाबतीत घाई हीच खरी वैरीण. ‘चालतंय का बघू’ म्हणून दाबलेले बटण ओल्या बोर्डात वीज सोडते, आणि धुऊन-वाळवून वाचू शकणारा बोर्ड शॉर्ट होतो.

यंत्र मेले तरी डेटा मरत नाही, हे सांगणारेही कमीच. डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घातली की बहुधा दुसऱ्या संगणकावर उघडते. कूटबद्ध असेल तर रिकव्हरी की लागते. डिस्क कटकट आवाज करत असेल, तर मात्र ती पुन्हा पुन्हा सुरू करू नये. आणि ‘विंडोज १० संपलं’ हे नवे भय दाखवणाऱ्यांना ओळखावे. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे मोफत सुरक्षा अपडेट थांबले ही गोष्ट गंभीर आहे, पण त्यामुळे कुठलाही लॅपटॉप सुरू व्हायचा थांबत नाही.

केंद्राने २४ डिसेंबर २०२२ ला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. पुढे दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक सुचवणाऱ्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला, तो सुरुवातीला स्मार्टफोन आणि टॅबलेटपुरता. फ्रान्सने २०२१ मध्येच अशा गुणांकनात लॅपटॉप घेतला होता. झाकण किती सहज उघडते, सुटे भाग मिळतात का, मॅन्युअल खुले आहे का, हे खोक्यावर छापले तर विद्यार्थ्यासाठी कर्ज काढून लॅपटॉप घेणाऱ्या घराला उपयोगच होईल. आपल्या यादीत लॅपटॉप मागून का यावा, हे अनाकलनीय आहे.

दुकानदारांना मात्र या यादीसाठी थांबण्याचे कारण नाही. पावतीवर नुसते ‘डेड’ लिहिण्याऐवजी यंत्र कुठे अडले, काय तपासले, कोणता भाग बदलला हे लिहावे आणि काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. गिऱ्हाइकानेही पैसे मोजण्याआधी तो मागून घ्यावा.