‘फितुरी’ म्हणून मोकळे होण्याआधी

झरी जामणी तालुक्याच्या दक्षिणेस पैनगंगा, पलीकडे तेलंगण. १८०३ साली हा मुलूख निजामाच्या पदरात पडला. ज्या लढायांनी हे ठरले, त्या मात्र येथून दूर झाल्या : २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड. दोनच दिवसांनी दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी देवगावचा तह केला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा प्रदेश सोडला. इंग्रजांनी तो आपल्या मित्राला, म्हणजे निजामाला दिला.

या पराभवाचे ‘आपसांतील फितुरी’ हे स्पष्टीकरण लोकप्रिय आहे. ते सोपे आहे, म्हणूनच अपुरे आहे.

१७९५ मध्ये खर्ड्यावर पेशवे, शिंदे, होळकर आणि भोसले एकत्र लढले, ते निजामाविरुद्ध. त्याआधी पाचच वर्षे पेशवे, निजाम आणि इंग्रज टिपूविरुद्ध एका बाजूस होते. आणि १७८० मध्ये तर पुणे, हैदर, निजाम व नागपूर असा इंग्रजविरोधी चौरंगी बेत नाना फडणविसांनी जुळवला होता. भोसले इंग्रजांकडून पैसा घेऊन त्यातून अलग झाले. शत्रू समान असला, तरी विजयानंतर काय कोणाचे, हे ठरलेले नसे. शिवाय वऱ्हाडात निजाम आणि भोसले यांचा दुहेरी अंमल होता. एकाच रयतेकडून दोघांचा वसूल! असे शेजारी मित्र झाले तरी एकमेकांचा हिशेब विसरणार कसे?

१८०३ मध्ये यशवंतराव होळकर शिंदे-भोसल्यांना मिळाले नाहीत. पण वर्षभरापूर्वीच, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, त्यांनी पुण्याजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला होता. त्यांना शिंद्यांच्या विजयाची भीती इंग्रजांच्या विजयापेक्षा कमी नसावी. ते स्वतः १८०४ मध्ये लढायला उभे राहिले, तेव्हा शिंदे-भोसल्यांचे तह होऊन गेले होते. दोष वेळेचा होता, अविश्वासाचा होता. केवळ नीतीचा नव्हे. इंग्रजांचे खरे बळ तोफांइतकेच प्रत्येकाशी वेगळा तह करण्यात होते.

दुसऱ्या बाजीरावाचेच पाहा. वसईच्या तहामुळे १८०३ मध्ये तो इंग्रजांचा मित्र होता. १८१८ च्या एप्रिलमध्ये तोच नागपूरच्या आप्पासाहेबांच्या मदतीच्या आशेने वणीच्या बाजूस आला. आप्पासाहेबांनी १८१६ मध्ये तैनाती फौज स्वीकारली होती, १८१७ च्या नोव्हेंबरात त्यांचेच सैन्य सीताबर्डीवर इंग्रजांशी लढले होते, आणि आता ते कैदेत होते. १७ एप्रिलला पांढरकवड्याजवळ शिवणी येथे कर्नल ॲडम्सने पेशव्याच्या फौजेची दाणादाण उडवली.

निजामाने तेवढी बाजू बदलली नाही. तरी मैत्रीसाठी पोसलेल्या हैदराबाद कंटिन्जंटचा खर्च थकत गेला, कर्ज वाढले, आणि १८५३ मध्ये त्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. पैनगंगेच्या उत्तर काठावर आता निजामाच्या मित्राचाच अंमल होता.