सरवा कोणासाठी?

आगेऱ्याच्या दिवशी आपण भाताच्या नव्या लोंब्या मिरवणुकीने वेदीपाशी नेतो. बँड वाजतो, धर्मगुरू आशीर्वाद देतात, सोहळा देखणा होतो. पण त्याच मिरवणुकीतील नववीतल्या एखाद्या मुलाला विचारून पाहावे, की बाळा, हे भात कोणाच्या शेतातले? बहुधा त्याला सांगता येणार नाही. ज्या समाजाने रहाटाच्या पाण्यावर वाड्या फुलवल्या, राजेळी केळी आणि पानवेली जोपासल्या, मुंबईकरांच्या ताटात भाजी वाढली, त्या समाजाच्या मुलांना आज माती म्हणजे कपड्यांवरचा डाग वाटते. हा दोष मुलांचा नव्हे. तो आपला आहे.

आपल्या दानधर्माचीही तीच गत झाली आहे. प्रायश्चित्तकाळ आला की मुलांच्या हाती एक पाकीट दिले जाते. चाळीस दिवसांनी ते वडिलांच्या खिशातील नोटांनी भरून चर्चमध्ये परत येते. यात मुलाने स्वतःचे काय दिले? ना वेळ, ना घाम. भुकेल्याचा चेहराही त्याने पाहिलेला नसतो. अशा दानाने पेटी भरते, पण मन घडत नाही.

लेवीय ग्रंथातील आज्ञा याहून वेगळी आहे. शेताच्या कडा कापू नयेत, पडलेला सरवा वेचू नये, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्यावा, असे तेथे बजावले आहे. म्हणजे सरवा ही मालकाची मेहेरबानी नव्हती. तो गरिबाचा हक्क होता. त्याच सरव्यावर रूथ जगली आणि तिच्या वंशात दाविदाचा व पुढे प्रभू येशूचा जन्म झाला. पण ज्याने शेतच सोडले, तो सरवा कुठून ठेवणार?

अमेरिकेत बोस्टन शहराजवळच्या लिंकन गावी १९९१ साली ‘द फूड प्रोजेक्ट’ नावाचे कार्य सुरू झाले. शहरातील गरीब वस्त्यांतली आणि उपनगरांतील सुखवस्तू घरांतली किशोरवयीन मुले तेथे उन्हाळ्यात एकत्र आली. त्यांनी खुरपणी केली, भाजी काढली. तिचा काही भाग बाजारात विकला गेला, काही निराश्रितांच्या अन्नछत्रांकडे गेला. पुढे बोस्टनमधील डडली भागातील ओसाड भूखंडही लागवडीखाली आले. तेथील मातीत शिसे होते. म्हणून चांगली माती आणि कंपोस्ट खत घालून वाफे करावे लागले. आपली जमीन अजून तशी विषारी झालेली नाही. तरीही ती आपल्याला नकोशी झाली आहे!

त्या कार्याची एक गोष्ट आपल्या मंडळींना खटकेल. तेथे मुलांना कामाचे मानधन मिळते. ‘सेवेचे पैसे कसले?’ असे आपण लगेच म्हणू. पण बिनपगारी सेवा परवडते कोणाला? ज्याच्या घरी सुट्टीतल्या कमाईची वाट पाहिली जात नाही, त्याला. मानधन नसेल तर गरिबाचा मुलगा वाडीत येणारच नाही आणि सेवा ही श्रीमंतांची हौस होऊन बसेल. कामकऱ्याला न्याय्य वेतन मिळाले पाहिजे, हे पोप तेरावे लिओ यांनी १८९१ सालच्या परिपत्रकातच सांगितले आहे. चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांनीच यावे, कामाचे तास थोडे असावेत, कीटकनाशकांना हात लावू नये, एवढे पाळले तर यात बालमजुरी नाही.

‘भूक आता राहिली कुठे? रेशन मिळतेच!’ असेही ऐकू येते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील माणशी महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क दिला, हे मोलाचेच. पण त्या पिशवीत पालेभाजी नसते. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. २०१४ पासून ते जव्हार आणि आपली वसई एकाच पालघर जिल्ह्यात आहेत. देशात पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालकांची वाढ खुंटलेली आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. ही भूक आपल्या मुलांच्या चार वाफ्यांनी मिटेल, असा भ्रम मला नाही. ती मिटवायला रोजगार हवा, सरकारला जाब विचारणारे नागरिक हवेत. पण ज्याने भेंडीचे एक रोप पावसातून वाचवले आहे, तोच उद्या तो जाब अधिक नेटाने विचारील.

उरला दहावीच्या अभ्यासाचा प्रश्न. शिकवण्यांना आठवड्याचे सहा दिवस देणाऱ्या पालकांनी मातीला दोन सकाळी द्याव्यात. निकाल कोसळणार नाहीत.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हाकेला ओ देऊन आपण हरित वसईसाठी रस्त्यावर उतरलो. २०२४ साली फादर गेले. मोर्चे काढून वाचवलेली हिरवाई कसणाऱ्या हातांवाचून टिकणार नाही. म्हणून प्रत्येक धर्मग्रामाने येत्या पावसाळ्यापूर्वी पाच गुंठे जमीन दृढीकरण घेतलेल्या मुलामुलींच्या स्वाधीन करावी. चर्चची पडीक जागा असेल तर ती द्यावी. नसेल तर ज्याची वाडी ओस आहे त्याने एका हंगामापुरती द्यावी. मानधन प्रायश्चित्तकाळाच्या पाकिटांतून द्यावे. शिकवायला आपले वृद्ध बागायतदार आहेत. आज त्यांना कोणी काही विचारत नाही. आलेली भाजी मुलांनी स्वतः पाड्यांवर आणि आश्रमांत पोहोचवावी, आणि घेणाऱ्याचे नाव विचारून यावे.

मग आगेऱ्याला मुले जे वेदीपाशी नेतील, ते त्यांनी स्वतः पिकवलेले असेल.