केबिन गार झाली, आता सीटचे बघा

मा. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री यांस,


मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझा दवाखाना धुळ्याजवळ, मुंबई-आग्रा रस्त्याला लागून आहे, त्यामुळे ट्रकचालक पेशंट पुष्कळ. त्यांतले एक काका सहा वर्षांपासून कंबर आणि डाव्या पायातली कळ घेऊन येतात. यंदा त्यांच्या मालकाने नवी गाडी घेतली. केबिनला एसी आहे, कारण साडेतीन टनांवरच्या नव्या मालवाहू गाड्यांना आपल्या मंत्रालयाने 2025 पासून तो सक्तीचा केला. काका त्यासाठी मनापासून आपले नाव घेतात. मग टेबलावर पालथे होतात आणि म्हणतात, "ताई, गार वाटतंय, पण गाडी मारते तशीच मारते."

हे 'मारणे' मोजता येते, म्हणून हे पत्र.

बसलेल्या माणसाला उभ्या दिशेने सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा हलवले, की त्याचा कणा सीटपेक्षाही जास्त हलतो. झोपाळ्याला नेमक्या क्षणी हात लावला तर थोड्या जोरानेही तो उंच जातो, तसेच हे. रस्ता, टायर आणि स्प्रिंगचे पाटे मिळून ट्रकच्या सीटखाली जे हेलकावे पोचवतात, त्यांतले बरेच याच पट्ट्यातले असतात. सेकंदाला पाच धरले तरी तासाला 18,000 झाले. पाठीचे स्नायू दर हेलकाव्याला आवळून कणा सावरू पाहतात. काही तासांनी ते थकतात, उशिरा आवळतात, आणि भार मणक्यांमधल्या चकत्यांवर येतो. मोठ्या माणसाच्या चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. शेजारच्या हाडातून जे झिरपेल त्यावर ती जगते. एकदा फाटली की भरून यायला फार वेळ लागतो.

पाठदुखीचे सगळे खापर कंपनावर फोडणार नाही. तासन्‌तास बसणे आहे, क्लच आहे, वाकडी बैठक आहे. गाडी थांबताच केबिनमधून उडी मारून मालाला हात लावणे तर फारच वाईट, कारण तेव्हा स्नायू थकलेले असतात. मी सगळ्यांना सांगते, आधी दहा मिनिटे चाला. हमाल नसेल त्या दिवशी माझे ऐकणे त्यांना जमत नाही.

एक गोष्ट मात्र मला काकांनी शिकवली. भरल्या गाडीपेक्षा रिकामी गाडी जास्त मारते. पाटे पूर्ण भाराच्या हिशेबाने बनवलेले असतात. भार नसला की ते वाकत नाहीत आणि खड्ड्याचा दणका थेट वर येतो. म्हणून परतीच्या फेरीला काका सीटवर गोधडीची घडी टाकतात. टोचणे थांबते, हेलकावा थांबत नाही. जाड फोमची गादी तर चार-पाचच्या पट्ट्यातला हेलकावा वाढवूही शकते, कारण तिची स्वतःची लय त्याच्याच आसपास असते. हवेच्या पिशवीवर तोललेली सस्पेन्शन सीट सेकंदाला एक-दोनच्या संथ लयीत डोलते, आणि म्हणून त्याहून जलद येणारा मार बराचसा खालीच अडवते. हे तंत्र नवे नाही. आपल्याकडच्या महागड्या ट्रकांत ते दिसते. सीट चालकाच्या वजनाला जुळवून कशी घ्यायची, हे मात्र त्याला कोणीतरी दाखवायला हवे, नाहीतर ती तळाला आपटते.

युरोपीय संघाने 2002 मध्येच आकडे ठरवले. आठ तासांच्या कामासाठी कंपन 0.5 मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर गेले की मालकाने उपाय सुरू करायचे, आणि 1.15 ओलांडायचेच नाही. कंपन दुप्पट झाले की तितकीच मात्रा चौथ्या हिश्श्याच्या वेळात भरते. जर्मनीत वर्षानुवर्षे बसून असे कंपन सोसल्याने झालेला कमरेच्या चकतीचा आजार 1993 पासून कामामुळे झालेला आजार म्हणून मान्य होऊ शकतो. आमच्या काकांनी एमआरआयचा रिपोर्ट नेऊन भरपाईचे विचारले, तेव्हा त्यांना वयाचा त्रास आहे असे सांगून परत पाठवले. त्यांचे वय बावन्न. तो रिपोर्ट मी पाहिला आहे, आणि नुसत्या वयावर सोडून द्यावा असा तो नाही.

एसीला जशी तारीख ठरवलीत, तशी ट्रक आणि बसच्या चालकाच्या सस्पेन्शन सीटलाही ठरवा. सीटवर पोचणारे कंपन मोजायला लावा आणि तो आकडा गाडीच्या मान्यतेच्या कागदावर छापायला लावा, म्हणजे गाडी घेताना मालकालाही तो दिसेल. पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत वाहनांचा आवाज आणि कंपन मोजण्याची सोय आहेच. एक विनंती विशेष करते. ही मोजणी भरलेल्या गाडीवर करून थांबू नका, रिकाम्या गाडीवरही करा. परतीची फेरी चालक त्याच सीटवर बसून करतो.

आपली,
महामार्गावरची एक फिजिओथेरपिस्ट