आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?



गेल्या पंधरवड्यात अश्दोद येथील एका वृद्ध वाचकबंधूंचे पत्र आमच्या हाती आले. कारखान्यातील नोकरीतून निवृत्त होताना मिळालेल्या रकमेतील काही भाग त्यांनी एका लहानशा खनिज-शोध कंपनीच्या शेअरांत घातला. त्यास आता सहा वर्षे होत आली. लाभांशाचा एक शेकेलही त्यांच्या हाती पडलेला नाही. आता कोणी त्यांना सांगितले आहे की, लाभांश लवकरच सुरू होईल. तेव्हा केरेन हिश्तालमूतची उरलेली रक्कमही तेथेच गुंतवावी काय, असे ते विचारतात. घरभाड्याला हातभार लागावा, मुलांपुढे हात पसरण्याची वेळ येऊ नये, एवढीच त्यांची इच्छा आहे. प्रश्न एकाचा असला तरी चिंता अनेक घरांतील आहे; म्हणून आम्ही त्याचे उत्तर येथेच देत आहोत.

लाभांश म्हणजे कंपनीच्या नफ्यातील भागधारकाचा वाटा. इस्रायलच्या 1999 च्या कंपनी कायद्याने वाटपापूर्वी सर्वसाधारणपणे दोन कसोट्या लावल्या आहेत. कंपनीजवळ नफा असला पाहिजे, आणि वाटप केल्यावरही तिला आपली देणी वेळेवर भागविता आली पाहिजेत. खाणीतील माल विकणारी कंपनी या कसोट्यांस उतरू शकते. परंतु केवळ शोध घेणारी कंपनी अद्याप काही विकतच नाही! भूशास्त्रज्ञांचे वेतन, खोदाई, नमुन्यांची तपासणी हा सर्व खर्च भागधारकांच्याच भांडवलातून होतो. ते संपले की नवे शेअर काढावे लागतात. समजा, एक लाख शेअरांपैकी 1,000 आपले आहेत. म्हणजे आपला वाटा शेकडा एक. कंपनीने आणखी एक लाख शेअर विकले की तोच वाटा शेकडा अर्धा होतो. पुढे कधी नफा झालाच, तर त्यातील आपला घास आधीच लहान झालेला असतो.

आपल्याच देशातील दोन उदाहरणे पाहा. दोन्ही उत्तरेकडील किशोन नदी व यिझ्रेल खोऱ्याच्या परिसरातील आहेत. हैफाजवळच्या खोऱ्यात मौल्यवान रत्ने आहेत, असे लुबाविचर रेब्बे यांनी 1988 साली हैफाचे तत्कालीन महापौर अर्ये गुरेल यांस सांगितले. त्या प्रेरणेने 1999 साली शेफा यामीम ही कंपनी निघाली. तेथे नीलमण्याच्या जातीचे खडे खरोखरच सापडले; त्यांत आढळलेल्या कार्मेलताझाइट या नव्या खनिजास 2018 साली आंतरराष्ट्रीय मान्यताही मिळाली. शास्त्राच्या दृष्टीने हे मोठेच यश होय. परंतु स्थापनेनंतर 18 वर्षांनी, 2017 साली, ही कंपनी लंडनच्या शेअरबाजारात गेली ती लाभांश वाटण्यासाठी नव्हे, नवे भांडवल उभारण्यासाठी! दुसरी झायन ऑईल अँड गॅस ही 2000 साली स्थापन झालेली, तेलाचा शोध घेणारी अमेरिकन कंपनी. तिने मगिद्दो-यिझ्रेल क्रमांक 1 ही विहीर सुमारे 5,060 मीटर खोल नेली. 2018 साली ती विहीर व्यापारी दृष्ट्या निरुपयोगी ठरली.

कार्मेल आणि किशोन ही नावे ऐकताच एलियाहू हनाबींचे स्मरण होऊन आपले अंतःकरण भरून येते. ते योग्यच आहे. मात्र त्या भक्तिभावाच्या जोरावर ताळेबंद वाचू नये.

खनिजातून लाभांश मिळतच नाही, असे आमचे म्हणणे नाही. मोशे नोवोमेयस्की यांना 1930 साली मृत समुद्राचा परवाना मिळाला आणि पुढे त्या क्षारांचा मोठा उद्योग उभा राहिला. आज तेथील पोटॅश व ब्रोमीन विकणारी इस्रायल केमिकल्स, म्हणजेच आय. सी. एल., आपल्या नफ्यातून लाभांश देते. पोटॅशचे भाव उतरले की तोही घटतो. शोध-कंपनीस घबाड सापडले, तरी खाण उभी राहण्यास अनेक वर्षे लागतात. पुष्कळदा त्याआधीच एखादी मोठी कंपनी तिला विकत घेते. अशा वेळी फायदा झाला तर शेअरच्या किमतीत होतो, लाभांशात नव्हे.

म्हणून वार्षिक अहवाल हाती आला की तीन गोष्टी शोधाव्यात. विक्रीचे उत्पन्न आहे काय? हातातील रोकड किती महिने पुरेल? गेल्या वर्षात शेअरांची संख्या कितीने वाढली? पहिल्याचे उत्तर 'नाही' असे असेल, तर लाभांशाची तारीख सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, मग तो आपला आप्त का असेना.

पत्रलेखक बंधूंस आमचे नम्र सांगणे असे की, केरेन हिश्तालमूतला हात लावू नये. जे शेअर आहेत ते ठेवायचे असल्यास, ती रक्कम बुडाली तरी चूल पेटती राहील, एवढी तजवीज आधी करावी. कोकणात आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत. घाण्यात तीळ पडण्यापूर्वी तेलाचा हिशेब त्यांनी कधी मांडला नाही. आपणही मांडू नये.