पिवळे कार्ड आहे, गोळ्यांचे काय?

जुलै ते ऑक्टोबर या काळात मसाई मारातले प्राण्यांचे स्थलांतर पाहायला मुंबई-पुण्याहून अनेक कुटुंबे केनियाला जातात. तयारी जय्यत असते. दुर्बीण, भाकरवडी आणि पीतज्वराच्या लशीचे पिवळे कार्ड. ही लस ठरावीक केंद्रांतच मिळते, किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते आणि कार्ड नसेल तर परतल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. त्यामुळे ती सहसा चुकत नाही.

पीतज्वर जीवघेणाच आहे. पण भारत कार्ड मागतो तो मुख्यतः स्वतःच्या बचावासाठी. हा रोग इथे नाही, तो पसरवणारा एडिस डास मात्र घरोघरी आहे. पर्यटकाला जास्त भीती असते मलेरियाची, आणि त्याच्या गोळ्या घेतल्या का, हे विमानतळावर कोणी विचारत नाही. मग त्या राहूनच जातात. ‘आपल्याकडे काय मलेरिया कमी आहे?’ हे ठरलेले उत्तर. आपल्याकडे व्हायवॅक्सही बराच आढळतो. आफ्रिकेतला मलेरिया मात्र बहुतांशी फाल्सिपॅरम. तो काही दिवसांत मेंदू आणि मूत्रपिंडांवर घाला घालतो. लहानपणी येऊन गेलेला हिवताप तिथे कामाला येत नाही. घरातल्या डब्यातली क्लोरोक्विनही नाही.

अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल किंवा डॉक्सिसायक्लिन डॉक्टरांच्या सल्ल्याने निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करतात. पहिली परतल्यावर 7 दिवस, दुसरी 4 आठवडे चालू ठेवावी लागते. नेमकी इथेच माणसे ढिली पडतात. घरी पोचलो, आता कसला डास! पण जंतू तोवर शरीरात शिरलेला असू शकतो.

ताप बहुधा परतल्यावर महिन्याभरात येतो, कधी तीन महिन्यांनीही. बाहेर पावसाळा, डेंग्यूची साथ. रुग्ण प्रवासाचे सांगत नाही, डॉक्टरही विचारत नाहीत. यात डॉक्टरांची चूक जास्त. केसपेपरवर वय आणि पत्त्याशेजारी ‘गेल्या तीन महिन्यांतला प्रवास’ असा रकाना घालायला एक पैसा लागत नाही. सहल कंपन्यांनीही व्हिसाच्या कागदांसोबत गोळ्यांची आठवण द्यायला काय हरकत आहे?

आफ्रिकेहून आलेल्याला ताप असेल तर त्याच दिवशी रक्ततपासणी हवी. पहिला अहवाल निगेटिव्ह आला म्हणून मलेरिया नाही, असे धरू नये. 12 ते 24 तासांच्या अंतराने तीनदा रक्त तपासावे लागते.