पाठशुद्धी आणि दगड

सावलीहून गडचिरोलीच्या वाटेने वैनगंगा ओलांडून चामोर्शीकडे वळले, की पुढे नदीकाठी मार्कंड्याचा मंदिरसमूह लागतो. 'विदर्भाचे खजुराहो' हे त्याचे रूढ विशेषण. आम्हांला ते अडचणीचे वाटते. त्यामुळे पाहणाऱ्याची नजर बाह्य भिंतींवरील मूर्तींवर खिळते, आणि मुख्य मंदिराच्या आतले जड, ओबडधोबड खांब दृष्टीआड होतात.

या खांबांना स्वतःचा इतिहास आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम 1873-74 च्या दौऱ्यात येथे आला. ही मंदिरे त्याने दहाव्या-अकराव्या शतकांतली मानली. मुख्य मंदिरावर वीज पडून शिखराचा माथा मंडपाच्या छतावर कोसळला आणि पुढे एका गोंड राजाने आत खांब व कमानी उभारून ते सावरले, अशी हकीकत नोंदली गेली आहे. मूळ शिल्पींचे कसब या दुरुस्तीत नाही, हे उघड आहे. पण ती नसती, तर आज ज्याची वाखाणणी होते त्यातले कितीसे उरले असते?

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, ती शिरलेले अपपाठ दूर करण्यासाठी. मग वास्तूचीही अशीच 'शुद्ध प्रत' का सिद्ध करू नये, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, पोथीतून वगळलेला पाठ दुसऱ्या एखाद्या हस्तलिखितात किंवा तळटीपेत जिवंत राहू शकतो. वास्तूची प्रत मात्र एकच असते. तेथे जे पुसले, ते कायमचे पुसले.

इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात हेच घडत होते. शतकानुशतके भर पडत वाढलेली मध्ययुगीन ग्रामचर्चे 'मूळ' रूपात आणण्याच्या हौसेने खरवडली जात होती. त्याविरुद्ध 1877 मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था स्थापण्यात पुढाकार घेतला तो विल्यम मॉरिस या कवीने. वास्तूवरील प्रत्येक काळाचा हात वाचता येतो, तो राहू द्यावा, एवढेच त्याचे म्हणणे होते.

मार्कंड्याच्या मुख्य मंदिराचे शिखर उतरवून जीर्णोद्धाराचे काम अलीकडच्या काळात हाती घेतले गेले आणि ते वर्षानुवर्षे रेंगाळले. ते पूर्ण व्हावे, याविषयी दुमत नाही. महाशिवरात्रीला लोटणाऱ्या भाविकांचाही त्यावर हक्क आहे. आमचा आग्रह इतकाच, की 'मूळ रूप' या शब्दाच्या मोहात गोंडकालीन दुरुस्तीला प्रक्षेप ठरवू नये. ज्या प्रदेशावर गोंड राजांनी शतके राज्य केले, त्याच प्रदेशात त्यांचा हात 'अपपाठ' म्हणून वगळला जाणार असेल, तर तो निर्णय केवळ सौंदर्याचा उरत नाही. कोणाचा इतिहास वाचायचा आणि कोणाचा गाळायचा, याचा तो निर्णय ठरतो.