वेदनेविना अपहरण

रहस्यपट पाहताना प्रेक्षकाने श्वास रोखून धरला म्हणजे त्याचे अंतःकरणही हेलावलेच, असे समजण्याचे कारण नाही. आल्फ्रेड हिचकॉक यांचा 'द मॅन हू न्यू टू मच' हा १९३४ सालचा ब्रिटिश चित्रपट या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. कृष्णधवल, अवघ्या पाऊण तासापेक्षा अर्ध्या तासाने मोठा, आणि तरीही गतीमध्ये कोठे उणा न पडणारा असा हा चित्रपट होय. त्याची कीर्ती रास्त आहे. मात्र त्यातील वैगुण्यांची चर्चा त्या मानाने कमी होते.

बॉब व जिल लॉरेन्स हे इंग्रज दांपत्य आपल्या बेटी नावाच्या मुलीसह स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ येथे सुटीवर आले आहे. तेथे त्यांच्या परिचयाच्या एका गृहस्थाचा नृत्य चालू असतानाच गोळी लागून अंत होतो. मरता मरता तो एका कटाचा सुगावा देतो. लंडनमध्ये एका परदेशी मुत्सद्द्याची हत्या व्हावयाची आहे. आईबापांनी तोंड उघडू नये म्हणून कटवाले बेटीला पळवून नेतात.

येथे कथेत एक विलक्षण पेच उभा राहतो. परराष्ट्र खात्याचा अधिकारी बॉबला १९१४ मधील साराजेव्होच्या हत्येचे स्मरण देतो. एका खुनातून महायुद्ध पेटले, तेव्हा एका मुलीसाठी मौन पाळण्याचा अधिकार पित्याला आहे काय? प्रश्न खरोखर मोठा आहे. परंतु दिग्दर्शक तो विचारून लगेच पुढे निघून जातो. बॉब मौन सोडत नाही आणि त्याच्या मनातील घालमेलही फारशी दिसत नाही.

उलट मुलीच्या शोधात निघालेला हा पिता आणि त्याचा मित्र क्लाइव्ह बराच काळ विनोदी प्रवेश करीत राहतात. दंतवैद्याकडे क्लाइव्हचा दात निष्कारण उपटला जातो. प्रार्थनामंदिरात दोघे स्तोत्राच्या चालीवर मनचे शब्द गुंफून एकमेकांना निरोप देतात. पुढे तेथेच खुर्च्यांची फेकाफेक होते. आपल्या काव्यशास्त्राने हास्य आणि करुण हे परस्परविरोधी रस मानले आहेत. त्यांचा मेळ घालणे अशक्य नाही, पण त्यासाठी आधी करुणाचा पाया पक्का असावा लागतो. येथे तो घातलेलाच नाही, म्हणून रसभंग होतो.

याहून मोठा दोष आईविषयीचा आहे. अपहरणाची चिठ्ठी वाचून जिल मूर्च्छित पडते. त्यानंतर चित्रपटाच्या मधल्या भागात ती जवळजवळ दृष्टिआड होते. मग अल्बर्ट हॉलमधील संगीतसभेत ती एकाएकी कथेच्या केंद्रस्थानी येते. वाद्यवृंदाचा ध्वनी टिपेला पोहोचताच गोळी सुटणार, हे तिला कळते आणि तिच्या तोंडून किंकाळी फुटते. मारेकऱ्याचा नेम चुकतो, मुत्सद्दी बचावतो. प्रसंग अप्रतिम साधला आहे. पण त्या किंकाळीने तिने स्वतःच्या लेकीचे प्राण पणाला लावले, ही जाणीव आपणांस व्हावी इतका तिचा सहवास आपल्याला घडलेलाच नसतो.

अखेरची चकमक १९११ मध्ये लंडनच्या सिडनी स्ट्रीटवर घडलेल्या वेढ्यावर बेतलेली आहे. ती लांबते, आणि तीत पडणाऱ्या शिपायांसाठी कोणी क्षणभरही थांबत नाही.

तथापि गुणांकडे डोळेझाक करणे अन्यायाचे होईल. पीटर लॉरे यांचा मृदुभाषी खलनायक विसरता येत नाही. आरंभीच्या नेमबाजीत त्याच्या घड्याळाच्या किणकिणीने जिलचा नेम चुकतो. शेवटी तीच किणकिण त्याची लपण्याची जागा उघड करते. आणि पोलिसाच्या हातची बंदूक घेऊन जिल छपरावरील मारेकऱ्याला अचूक टिपते, तेव्हा आरंभीच्या प्रसंगाचे प्रयोजन उमगते.

हिचकॉक यांनी १९५६ सालच्या चित्रपटात हीच कथा पुन्हा मांडली. तीत डॉक्टर असलेला पती मुलाच्या अपहरणाची वार्ता सांगण्यापूर्वी पत्नीला शामक गोळ्या देतो. तो एकच प्रवेश आईबापांच्या दुःखाला पहिल्या चित्रपटाने नाकारलेली जागा देतो. दुसरा चित्रपट दोन तासांचा असून ठिकठिकाणी रेंगाळतो, हेही खरे. तरी घरातील मोठ्या मुलांसह दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहावेत, आणि त्या आईच्या जागी आपण असतो तर ओरडलो असतो का, हा प्रश्न चित्रपट संपल्यावर घरात अवश्य चर्चेस घ्यावा.